शेंदराखालची माणसं

कौतिकगीर नाना तुमच्याशी काहीही बोलायला लागले, की आधी तुमचा उजवा हात आपल्या उपरण्याखाली ओढून घ्यायचे. बैलबाजारातल्या दलालांची ही सवय. तिथे भाव तोंडाने सांगायचा नसतो, कापडाखाली बोटं दाबून सांगायचा असतो, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. पण नाना पावसाबद्दल बोलोत, गावच्या भांडणांबद्दल बोलोत, नाहीतर मी केलेल्या वरणात मीठ जास्त झाल्याबद्दल बोलोत, माझा हात त्यांच्या उपरण्यातच. सुरुवातीला मला फार संकोच वाटायचा. शाळेचा मास्तर भर चौकात एका गोसाव्याच्या उपरण्यात हात घालून उभा, हे काही बरं दिसत नव्हतं. पुढे सवय झाली.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी बदली पाचोऱ्याकडच्या, गिरणेकाठच्या एका गावी झाली. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांतली निम्मी माझ्या हातचा मार खाऊन मोठी झालेली आहेत. नानांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. नाना तेव्हा साठीला आलेले. उंच, सावळे, मिशा पांढऱ्याशुभ्र, डोक्याला भगवा पटका आणि अंगात बारा महिने एक काळा बंद गळ्याचा कोट. हा कोट एका साहेबाने बैलजोडीवर खूश होऊन दिला असं ते सांगत. साहेब कधी कलेक्टर असायचा, कधी पोलीस कप्तान, आणि ऐकणारा फारच भोळा असला तर लाटसाहेब. म्हातारा बैल जवान म्हणून गळ्यात मारण्यात त्यांचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. मी एकदा त्यांना यावरून छेडलं, तर ते मुळीच रागावले नाहीत. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असतं ते आपण बोलतो, यात आपलं काय चुकलं, असं त्यांनी मलाच विचारलं.

त्या गावात एके काळी गोसाव्यांचा मठ होता आणि मठाभोवती मोठी वस्ती होती. मी गेलो तेव्हा मठाच्या जागी पडक्या भिंती आणि एरंडाची झाडं उरली होती. गोसावी कुणी धुळ्याला गिरणीत गेले, कुणी नाशिकला. मागे राहिलं नानांचं एकच घर. बायको माझ्या येण्याआधीच वारलेली, मूलबाळ नाही.

गोसाव्यांत माणूस गेला की जाळत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, भोवती मीठ घालतात आणि बसल्या जागी माती देतात. वर दगड ठेवतात. कुणाच्या दगडावर पादुका कोरलेल्या, कुणाच्या दगडावर पिंड. गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे अशा समाध्यांची मोठी जागा होती, पेशवाईच्याही आधीची असावी. मी पाहिली तेव्हा तिथे बाभळींचं रान माजलं होतं आणि अर्धं गाव सकाळी टमरेल घेऊन तिकडेच जात होतं. दगड एकेक करून नाहीसे होत होते. एक कुणाच्या विहिरीला लागला होता, एकावर कुणाची बायको धुणं आपटत होती. देणंघेणं असलेला कोणी राहिला नाही, की जागेचं हेच होतं.

नाना मात्र रोज सकाळी अंघोळ करून तिथे जात आणि बाभळीच्या काट्यांतून वाट काढत प्रत्येक दगडाला नावानिशी ‘नमो नारायण’ घालून येत. एकदा मी त्यांच्यासोबत गेलो. एका पादुकांच्या दगडाला ते ‘हिम्मतगीर’ म्हणाले. परत येताना त्याच दगडाला ‘भवानीगीर’ म्हणाले. मी चूक दाखवून दिली. मास्तराची खोड, दुसरं काय. तेव्हा त्यांनी कबूल केलं की यांतले दोनच दगड त्यांना खात्रीने माहीत आहेत. एक त्यांच्या वडिलांचा, दौलतगिरांचा, आणि एक बायकोचा, सुंदराबाईचा. बाकीची नावं ते मनाची घालत. खाली कुणीतरी बसलेला आहे, त्याला रोज कुणीतरी काहीतरी म्हणून हाक मारायला हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सुंदराबाईचा दगड कोरलेला नव्हता. दगड कोरणारा तोवर गावात उरला नव्हता, म्हणून नानांनी गिरणेतून एक काळा गोटा गाडीत घालून आणला होता. तो गोटा आणि वडिलांचा दगड यांच्यामध्ये एक माणूस मांडी घालून बसेल इतकी जागा मोकळी होती. डोक्याशी एक जुना निंब होता. नानांनी माझा हात उपरण्यात घेतला.

“मास्तर, हाई मन्ही जागा शे. आठे बाप, तठे ती. माले दोन्हीसना मधमा बसाडज्यात.”

मी हो म्हटलं. तेव्हा ते मला फार सोपं वाटलं. या माणसाने गावाकडे आयुष्यात जे मागितलं ते एवढंच होतं आणि त्यासाठी पैसा लागत नव्हता, की सरकारी हुकूम लागत नव्हता. ती जागा तेवढी शिल्लक राहायला हवी होती.

ती शिल्लक राहावी म्हणून नाना जे करायला लागले त्याची सुरुवात दगाभाऊ पाटलाच्या गोठ्यापासून झाली. त्या गोठ्याच्या दाराशी पायरी म्हणून पादुकांचा एक दगड बसवलेला होता. नानांनी तो एका सौद्याच्या वेळी पाहिला आणि परत मागितला. पाटील हसले. पुढे महिन्याभरात पाटलांचा एक बैल लंगडू लागला आणि बैलांतला जाणकार म्हणून बोलावणं नानांनाच आलं. मीही गंमत म्हणून गेलो. नानांनी खूर उचलला, बराच वेळ पाहिला, तोंडातून अक्षर काढलं नाही. मग पटका काढून हातात घेतला आणि त्या पायरीला दंडवत घातला. पाटलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. संध्याकाळी तो दगड पाटलांच्याच गाडीतून, नारळ आणि हळदकुंकवासकट नाल्यावर परत गेला.

खुरात काय होतं, मी नानांना विचारलं. बाभळीचा काटा, ते म्हणाले, तो तर मी लगेच काढला. मी पोट धरून हसलो आणि त्यांना चहा करून पाजला.

ते दिवस श्रमदानाचे होते. जिकडेतिकडे रस्ते, बंधारे, टोपल्या आणि भाषणं. नानांच्या मनाने घेतलं की श्रमदानाने ही जागा साफ करायची. पंधरा दिवस ते घरोघर हिंडले आणि प्रत्येकाला त्याला हवं ते ऐकवलं. शेतकऱ्यांना सांगितलं, कुंपणाला काटे मिळतील. बायांना सांगितलं, नाल्यावर पाण्याला जायला सरळ वाट होईल. दगाभाऊंना सांगितलं, तुमचं नाव पाचोऱ्यापर्यंत जाईल. आणि खरोखर एका सकाळी सगळं गाव कुऱ्हाडी-कोयते घेऊन आलं. माझी शाळा आली, तालमीतली मंडळी आली. दुपारपर्यंत जमीन दिसू लागली. दगड उघडे पडले तशी नाना कावड घेऊन एकेकाला अंघोळ घालत सुटले. कोट काढायचंही त्यांना सुचलं नाही. मला भरून आलं होतं, हे सांगायला आता लाज कसली.

दुपारनंतर गाड्या आल्या आणि तोडलेल्या बाभळी भरल्या जाऊ लागल्या. जळणाच्या वाटणीवरून दोघा सख्ख्या भावांचं तिथेच बोलणं बंद झालं. कुणीतरी त्या भरात निंबही पाडून नेला. आणि महिन्याभरात असं झालं की काटे गेल्यामुळे टमरेलवाल्यांची आणखीच सोय झाली आणि गाडी थेट समाध्यांपर्यंत जाऊ लागल्यामुळे दगड न्यायलाही सोपं झालं. गावाने मनापासून मदत केली होती. तिचा परिणाम मात्र हा झाला.

मी म्हणालो, तारेचं कुंपण घालू, पाटी लावू, वर अर्ज करू. नानांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी मी अंघोळीला बादली उचलली, तर ती आतून लालभडक. पाठोपाठ नाना आले, तेही कोपरापर्यंत लाल. पाचोऱ्याहून शेंदूर आणून, माझ्या बादलीत तेलात कालवून, उजाडायच्या आत त्यांनी झाडून सगळ्या समाध्यांना फासला होता. ते गालातल्या गालात हसत होते.

“आते कोणी हात लावाव नही, मास्तर.”

आणि तसंच झालं. शेंदूर लागलेल्या दगडाला आपल्याकडे कोण हात लावतो? टमरेलवाल्यांनी दुसरी वाट धरली. चपला नाल्याच्या अलीकडे निघू लागल्या. आठवड्याभरात नेलेले दगडसुद्धा परत येऊ लागले. धुण्याचा दगड आला, विहिरीचा आला, कुणी आणून ठेवले ते कळलंही नाही. नाना ज्याला त्याला जागा नेमून देत, नाव ठेवत आणि ‘नमो नारायण’ घालत. त्या पावसाळ्यात मी त्यांना जितकं सुखी पाहिलं तितकं आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. अर्ज आणि पाट्यांच्या माझ्या योजनेची त्यांनी पुढे दोन महिने थट्टा केली, तीही मी आनंदाने ऐकून घेतली.

मग दगाभाऊंच्या सुनेचं तान्हं मूल तापाने फणफणलं. डॉक्टरचं औषध चालू होतंच, पण तिने जाता येता नाल्यावरच्या मोठ्या शेंदरी गोट्याला नवसही बोलला. मूल उठलं. तिने खणानारळाने गोट्याची ओटी भरली. दुसऱ्या मंगळवारी चार बाया आल्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी वीस. गोट्याला नाव पडलं, नाल्यावरची माय. नानांना आधी याचं हसू यायचं. सुंदराबाई एका लुगड्यासाठी त्यांच्याशी दोन दोन दिवस अबोला धरायची म्हणे. आता तिच्यापुढे खणांची चळत लागलेली पाहून ते म्हणायचे, मेल्यावर का होईना, हौस फिटली बिचारीची.

ग्रामपंचायत आली, दगाभाऊ सरपंच झाले आणि पहिलं काम मायचं देऊळ बांधायचं ठरलं. कमिटीत नानांना घेतलं होतं. सभेत त्यांच्या गळ्यात हार पडला तेव्हा कोटाची बटणं नीट लावून ते खुर्चीवर ताठ बसले होते. मी त्यांना हळूच विचारलं, नाना, हे कुठवर जाणार? त्यांनी मला समजावलं की पक्कं बांधकाम झालं म्हणजे उद्या ही जागा कुणी नांगरणार नाही, विकणार नाही. बोलणं बरोबर होतं. मलाही ते पटलं.

बांधकाम सुरू झालं तेव्हा नाना महिनाभरासाठी चाळीसगावकडच्या बैलबाजारांना गेलेले होते आणि मी शाळेच्या सुटीत माझ्या गावी होतो. परत आले तो काम आटोपलं होतं. जमीन सपाट करायची म्हणून गवंड्याने सगळे दगड उपटून काढले होते, वर शहाबादी फरशी घातली होती, एक ओटा बांधला होता आणि ओट्यावर सगळे दगड एका रांगेत, पूर्वेकडे तोंड करून, छान बसवले होते. मधोमध सुंदराबाई. तिला चांदीचे डोळे लावले होते. गवंडी चांगला होता, त्याने फरशीचा एक सांधाही वाकडा जाऊ दिला नव्हता. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

नाना फरशीवर काठी आपटत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. आवाज सगळीकडे सारखाच येत होता. दगड जाग्यावरून हलले, निंब गेला, नाल्याची कडही भरून काढलेली. बाप कुठे आणि बायको कुठे, हे आता त्यांनाही सांगता येईना. शेवटी ते पायरीवर बसले आणि त्यांनी मला हाक मारली. मी हात पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही.

आठ दिवसांनी ते पंचायतीपुढे उभे राहिले. त्यांनी फिरवून फिरवून काही सांगितलं नाही. आपण गेल्यावर एक फरशी उचलावी, कुठलीही, आणि आपल्याला तिथे बसवावं, एवढंच म्हणाले. दगाभाऊ अवघडले. नानांना ते मानत होते, त्यांचा बैल नानांनीच बरा केला होता.

“नाना, देवनी जागामा मढं कसं गाडानं?”

“तठे बठ्ठा मढाच शेतस, भाऊ.”

तिथे सगळी मढीच, हे ऐकून मागची माणसं पुढे सरकली. मग दाराशी पदर घेऊन उभी असलेली दगाभाऊंची सून पुढे आली. कडेवर ते मूल होतं. ती रागाने बोलली नाही, खाली बघून बोलली.

“नाना, मन्हं पोर तिन्हीच वाचाडं.”

त्या मुलाकडे बघून नानांनी मान डोलावली, आणि मला वाटतं त्या घटकेला ते मागणं सोडूनही देणार होते. पण मागून कुणीतरी म्हणालं, गोसाव्याला पुजारीपण पाहिजे, दक्षिणा दिसतेय त्याला. हे वाक्य कुणी म्हटलं ते मला माहीत आहे आणि त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. नाना घरी आले आणि कोट काढून खुंटीला लावला. मग तो त्यांनी पुन्हा घातलाच नाही.

त्यानंतर वर्षभर ते भेटेल त्याला खरं सांगत होते. ती माय नाही, माझी बायको आहे. तिचं नाव सुंदरा. तिला दमा होता. ती शेजारणींशी कडाकडा भांडायची. शेंदूर मी लावला, या मास्तरच्या बादलीत कालवला. मीही साक्ष दिली, बादली दाखवली. लोक आदराने ऐकत आणि म्हणत, नाना, मायनेच तुमच्याकडून लावून घेतला. ज्या माणसाने अख्ख्या पंचक्रोशीला म्हातारे बैल जवान म्हणून पटवले, त्याला आपल्या बायकोचं नाव पटवता येत नव्हतं. मला त्यांचा विलक्षण कळवळा येई आणि त्याचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता.

एकदा पहाटे पुजाऱ्याने त्यांना ओट्यावर पाहिलं. बैलांचे खूर साफ करायच्या लोखंडी उलथण्याने ते मधला दगड खरवडत होते. थरावर थर चढून त्याचा मूळ आकार गेला होता. तळहाताएवढी जागा काळी निघाली होती आणि तिला नानांनी गाल लावला होता. पुजारी भला माणूस. त्याने आरडाओरडा केला नाही. उलथणं काढून घेतलं, नानांना हाताला धरून घरी आणलं आणि सांभाळा म्हणून मला सांगून गेला. दुसऱ्या दिवशी गावाने नवा शेंदूर चढवला, आधीपेक्षा जाड. नाना माझ्या उंबऱ्यावर बसून होते. त्यांच्या नखांत शेंदूर होता.

“मीच त्येसले देव कया, मास्तर. आते कोन्हाजोडे रडू?”

मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. नाना थकत गेले, बाजार सुटला, असं येणाऱ्याजाणाऱ्याकडून कळत होतं. एका मंगळवारी एस.टी.च्या कंडक्टरने निरोप आणला, तेव्हा मी मिळेल ती गाडी पकडून गेलो. पोचलो तो नानांना न्यायची तयारी झालेली होती. धुळ्याचा एक पुतण्या आला होता. पंचायतीने गिरणेच्या काठी, पाण्याच्या अगदी जवळ, वाळूत जागा दिली होती. पुरात ती राहणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पुतण्यालाही. दुसरी जागा कुणी सुचवली नाही, आणि मी विचारलं तेव्हा दगाभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले की आता उशीर झालाय, मास्तर.

गोसाव्यांच्या रीतीप्रमाणे नानांना बसवून न्यायचं होतं. वेळूच्या डोलीत त्यांना मांडी घालून बसवलं होतं, पाठीला फळी, कपाळाला भस्म, डोक्याला भगवा पटका. तोंड उघडं होतं. मिशा कुणीतरी नीट विंचरल्या होत्या. नदीची वाट देवळावरूनच जाते. मंगळवार असल्यामुळे बायांची रांग नाल्यापर्यंत आलेली होती. डोली दिसताच त्या बाजूला सरल्या, काहींनी डोळ्यांना पदर लावला. नानांचं सगळ्यांशीच चांगलं होतं.

डोली देवळासमोर आली तशी पुजाऱ्याने लगबगीने उठून ओट्यावरचा पडदा ओढून घेतला. मढं जात असताना ते देवाच्या दृष्टीस पडू नये, ही आपल्याकडची रीतच आहे. त्याने वावगं काहीच केलं नाही. पण मी डोलीच्या मागे चालत होतो आणि पडद्याआड कोण आहे ते मला ठाऊक होतं. नवरा दारावरून चालला होता आणि सुंदराबाईला त्याचं शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. खांदेकरी ‘नमो नारायण’ म्हणत नदीच्या उताराला लागले. मागे पडदा सरकल्याचा आवाज आला, आणि बाया ओट्या सावरून पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या.